शेपटीवरून ओळखलेलं दुखणं

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

खाली वाकता येत नाही म्हणून खुर्चीत बसूनच केलेला साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा अजून ठणकतो का, की आता उजव्यानेही त्याची री ओढली, ते कळवा. आम्ही दोघं सुखरूप आहोत. हा सुखरूप शब्द मी नेहमीसारखा सवयीने लिहिलेला नाही, चांगला गिरवून लिहिलाय, का ते पुढे कळेल. तुमचे बंधुराज खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून कुणाचंसं मनगटी घड्याळ उघडून बसलेत. (दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी लोक घरी घड्याळं आणून देतात आणि हे नाही म्हणत नाहीत, त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं.) तुमच्याकडे माझं एक काम आहे. पण ते आधीच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई उगीच घाबरते. म्हणून मी कशातून बाहेर पडले ते आधी ऐका, मग काम. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, मध्येच भरकटेन, सांभाळून घ्या.

सुरुवात झाली आपल्या नातीपासून. ती नर्सिंगला आहे हे तुम्हाला माहीतच आहे. सुट्टीत पाठांतर करायला ती आमच्याकडे आली, कारण तिच्या घरी टीव्ही फार मोठ्याने चालतो. (तुमचा लाडका भाचा बातम्या ऐकतो की गल्लीला ऐकवतो, ते एकदा विचारा त्याला.) मी भाजी निवडत असायचे आणि ती समोर पुस्तक घेऊन बसायची. म्हणाली, आजी, तू फक्त समोर बस, तुला समजलं नाही तरी चालेल. वन्सं, असं कुणी म्हटलं ना की मला समजायलाच लागतं. तिचं म्हणणं असं, की डॉक्टरांचे शब्द मालगाडीएवढे लांब असले तरी त्यांना शेपट्या असतात, आणि शेपट्या काही फार नाहीत, त्याच त्याच फिरून येतात. मी म्हटलं, अगं मग हे आपल्या नात्यांसारखंच झालं! मावसभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ. शेपटीला भाऊ आहे म्हणजे तो भाऊ, एवढं पक्कं. कुठल्या अंगाने भाऊ, ते तोंडाकडे बघून ठरवायचं. पोरगी पुस्तक टाकून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, आमच्या बाईंनी आख्खा तास घेतला हे सांगायला.

झालं, मी चढले झाडावर. भाजी निवडता निवडता शेपट्या पाठ केल्या. आयटिस आली की सूज. (तुमचे गुडघे आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची सूज. मी तुम्हाला इतकी वर्षं काय सांगत होते, सूज आहे, गार पाण्यात उभ्या राहू नका.) अल्जिया आली की दुखणं. स्कोपी आली की आत नळी घालून डोकावणं. एक्टॉमी आली की कापून काढून टाकणं. मेगाली आली की एखादा अवयव प्रमाणाबाहेर वाढणं. आणि ओमा आली की गाठ, नातीच्या पुस्तकात बहुतेक कॅन्सरचीच. पुढे पुढे तर मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला शेपटी लावायला लागले. वरच्या मजल्यावरच्या बाई दार आपटतात, त्यांना दारायटिस. हे साखरेच्या डब्याभोवती घुटमळायला लागले की जिभोमेगाली. ह्यांनी मला काय नाव ठेवलं असेल ते मी सांगत नाही, त्याच्याही शेवटी मेगाली आहे आणि सुरुवातीला बडबड. नात म्हणायची, आजी, शेपटीवर जाऊ नकोस नुसती, तोंडंही शीक. पण तोंडं फार, वन्सं! काळजाचं वेगळं, यकृताचं वेगळं, हाडाचं वेगळं, कातडीचं वेगळं. मी म्हटलं, तोंडं पुढच्या सुट्टीत. तिची सुट्टी संपली, ती वसतिगृहावर परत गेली, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. आणि हे त्या सगळ्या दिवसांत खिडकीशी बसून होते, डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. मला वाटलं, ह्यांचं लक्ष घड्याळात आहे.

आता खरी गोष्ट. ह्यांच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या मागे, एक गाठ होती. त्यांना ती दिसायची नाही आणि हातही पोचायचा नाही, म्हणजे ती माझ्याच ताब्यात. बरीच वर्षं सुपारीएवढी होती तोवर मीही तिला ओळखीची पाहुणी समजून होते. या वर्षी मलम चोळताना बघते तर लिंबाएवढी. मी म्हटलं डॉक्टर. हे म्हणाले घामोळं. लिंबाएवढं घामोळं कुणी बघितलंय? तुमचे बंधू आहेत, तुम्हीच सांगा. शेवटी खुर्चीला टेकलं की खुपायला लागली तेव्हा स्वारी तयार झाली.

मोठ्या दवाखान्यात गेलो. आत शिरल्या शिरल्या भिंतभर पाटी, त्यावर बाण, आणि प्रत्येक बाणापुढच्या नावाच्या शेवटी लॉजी. लॉजी म्हणजे अभ्यास, हे मला येत होतं. मी ह्यांना म्हटलं, अहो, इथे सगळे अभ्यासच करतायत, औषध कोण देतं? हे हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू. सर्जन म्हणजे अगदी पोरसवदा, आपल्या नातीपेक्षा फार तर चार पुस्तकं पुढे गेलेला. ह्यांना स्टुलावर बसवून शर्ट काढायला लावला, गाठ दाबली, हलवली, आणि आमच्याकडे न बघता शेजारच्या सिस्टरला म्हणाला, "लायपोमा वाटतोय. काढून टाकू, आणि बायोप्सीला पाठवू."

वन्सं, तो शब्द माझ्या कानावर पडला. ओमा! माझी पाठ केलेली शेपटी, भाजीच्या ताटाशेजारी बसून हसत हसत पाठ केलेली, ती ह्यांच्या पाठीवर बसली होती. आणि पुढे बायोप्सी. ऑप्सी म्हणजे काय ते मी टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकेत शिकले होते. तिथे माणूस मेला की त्याची ऑटॉप्सी करतात. इथे माणूस धडधाकट स्टुलावर बसलाय, बनियन हातात धरून, आणि हा पोरगा त्याला ऑप्सीला पाठवतोय! मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर विचारत होता, काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही. हे म्हणाले, नाही. दोघं एकाच दमात, शाळेतल्या पोरांसारखे. परत येताना रिक्षात मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले आणि हेही त्यांच्या बाजूच्या पाट्या वाचत बसले.

मी मनाशी ठरवलं, ह्यांना कळू द्यायचं नाही. ह्यांना कुठे शेपट्या येतात? ह्यांना वाटू दे लायपोमा म्हणजे घामोळ्याचंच इंग्रजी नाव. जे काय दिवस आहेत ते सुखात जाऊ देत. म्हणून मी चहात मागितल्याविना दुसरा चमचा साखर घालायला लागले. स्क्रू, स्प्रिंगा, चिमटे टेबलावर पसरले तरी ब्र काढला नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याशी त्यांनी घातलेला तोच तो वाद त्यांनी मला परत पहिल्यापासून सांगितला, मी शेवटपर्यंत ऐकला आणि बरोबर आहे तुमचं म्हटलं. (बरोबर काहीही नव्हतं. शिंपी बरोबर होता.)

पण वन्सं, खरी धडकी पुढे भरली. कारण हेही बदलले. एके दिवशी जेवताना म्हणाले, भाजी छान झालीय. मी घास हातात धरून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून भाजीबद्दल मीठ सोडून दुसरा शब्द मी ऐकला नव्हता. मग माझा चष्मा पुसून दिला. मग गॅसचं पुस्तक कुठे, फ्यूजची तार कुठे, पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद करायचा, हे सगळं मला घरभर फिरवून दाखवलं. मी म्हटलं, मला कशाला, तुम्ही आहात की. हे म्हणाले, असावं माहीत. आणि मग ते घड्याळ. तुमच्या वडिलांचं भिंतीवरचं लोलकाचं घड्याळ. तुम्हाला माहीत आहे, त्याला ह्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा लहानपणी स्टुलावर चढला होता तेव्हा केवढा आरडाओरडा केला होता! त्या घड्याळाची चावी ह्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या मागे उभे राहून, माझा हात धरून शिकवलं. सावकाश फिरव. आत स्प्रिंग गुंडाळली जातेय ते बोटांना कळलं पाहिजे. जड लागायला लागलं की थांबायचं, एक पीळ जास्त दिलास तर तुटेल. "रविवारी दे, विसरायचं नाही," म्हणाले. मी हो म्हटलं, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि भांडी घासायच्या आवाजात रडून घेतलं. भांडी आधीच घासलेली होती.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा जीव टांगणीला लागला होता तर नातीला फोन करून विचारायचं. रोज हातात फोन घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. परीक्षा चालू होती तिची. आजोबांच्या पाठीवर ओमा आहे असं मी तिला सांगितलं तर पोरगी पेपर कुठल्या हाताने लिहिणार? मुलाला सांगावं तर तो तिलाच फोन लावणार. दवाखान्यात फोन केला तर उचलणारी म्हणाली, पेशंटला बोलायला द्या. एकदा दुपारी हे झोपलेत असं बघून मी तुमचाही नंबर फिरवला होता. तुम्ही उचललात आणि मी गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. तुम्ही म्हणाला असाल, हिला काय झालं.

मग आला कापण्याचा दिवस. सिस्टरने सांगितलं होतं, फक्त तेवढीच जागा बधिर करणार, लगेच घरी. पण मला वाटलं, धीर द्यायला असंच सांगतात. आम्ही बाकावर बसलो होतो, समोर बंद दार, हे मागून बांधायचा तो हिरवा डगला घालून. त्यात तुमचे बंधू अगदी पहिलीच्या वर्गात नव्याने बसवलेल्या मुलासारखे दिसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी नसलो तर ताईकडे राहायला जाऊ नकोस. ती तुला उठता-बसता शिकवेल. मला शिकवलंय तिने." (वन्सं, रागावू नका, मरणाच्या दारात बसलेला माणूस बोलत होता. आणि तुम्ही शिकवता हे खरंच आहे.) मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका. मग सिस्टरने नाव पुकारलं आणि ते आत गेले. जाताना मागे वळून बघतील असं मला वाटलं होतं. डगला मागून उघडा पडत होता म्हणून तो हाताने धरून, पाठ भिंतीकडे करून तिरके तिरके गेले.

दार नीट लागलं नव्हतं. मी बाकावर कशी बसून राहिले ते माझं मला माहीत. आतून डॉक्टर पोरगा गप्पा मारत होता, कात्र्यांचा आवाज येत होता, आणि हे एका शब्दाने उत्तर देत नव्हते. सगळं आटपल्यावर ह्यांचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "डॉक्टर, खरं सांगा. किती दिवस?"

"पुढच्या आठवड्यात काढू की टाके," डॉक्टर म्हणाला. "तोवर तिथे पाणी लागू देऊ नका."

"टाके नाही हो. मी. मी किती दिवस?"

मी दार ढकललं आणि आत गेले. सिस्टर म्हणाली, आजी, चपला, चपला! पण मला कुठल्या चपला आणि कुठलं काय. हे पालथे पडलेले, मान वळवून माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं बघून मला कळलं, की ह्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खिडकीशी बसून, भिंगाच्या आडून, ह्यांनीही माझ्याबरोबर सगळ्या शेपट्या पाठ केल्या होत्या!

डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला कॅन्सर आहे असं सांगितलं कुणी?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ह्यांच्याकडे. मग मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात की हो, ओमा!" तेव्हा तो पोरगा स्टुलावर बसलाच. एका वाटीत ती गाठ होती ती त्याने मला दाखवली. पिवळी, मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखी. म्हणाला, आजी, लायपो म्हणजे चरबी. ही चरबीची गाठ आहे, जागच्या जागी बसून वर्षानुवर्षं वाढते, कुणाला काही करत नाही. ओमा म्हणजे नुसती गाठ. काही ओमा वाईट असतात, म्हणून काढलेला तुकडा तपासून बघायचा असतो, तीच बायोप्सी, आणि ती जिवंत माणसाचीच करतात. (मी मेलेल्या माणसाचं काही बोलले नव्हते, पण बहुतेक तोंडावर दिसत असावं.)

मग काय विचारता. हे पालथ्याचे उठून बसले. "तुला माहीत होतं, आणि तू मला साखर खाऊ घालत बसलीस?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला चावी देऊन मोकळे झालात?" हे म्हणाले, "तू भांडेनाशी झालीस तेव्हाच मी समजलो, डॉक्टरने हिला बाजूला घेऊन सांगितलंय!" मी म्हटलं, "तुम्ही भाजीला छान म्हणालात, त्या घासाला मी मेले!" सिस्टर म्हणाली, हळू बोला, शेजारी पेशंट आहेत. आम्ही कसले हळू बोलतोय. बायोप्सीचा कागद यायचा होता तोवर जिवाला घोर होताच, पण एकाने दुसऱ्यापासून लपवलेला घोर आणि दोघांनी मिळून लावून घेतलेला घोर, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. परवा कागद आला. निव्वळ चरबी. डॉक्टर म्हणाला, उत्तम दर्जाची.

नातीला परीक्षा संपल्यावर सगळं सांगितलं. ती हसली, रडली, मग तिने मला फोनवर पंधरा मिनिटं तोंडं शिकवली. लायपो पहिलं. घरातही सगळं जागेवर आलंय. चहात एक चमचा. भाजीत मीठ कमी असल्याचं मला रोज कळतं. घड्याळाची चावी ह्यांनी माझ्या डब्यातून काढून परत आपल्या खिशात घातली, रविवारची वाटही बघितली नाही. मी खूप आनंदात आहे, वन्सं. आम्ही दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून ठरवलंय, की यापुढे ह्या घरात कुणी कुणापासून काहीही लपवायचं नाही. अंगावर पुटकुळी आली तरी सांगायची.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्यांना विश्रांती.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मागच्या वेळी तुमची छत्री इथेच राहिली. ह्यांनी तिची एक काडी दुरुस्त केलीय. आता ती उघडते, पण मिटत नाही.

ता. क. दुसरा. काम लिहायचं राहिलंच. ह्यांची गाठ रोज चाचपून चाचपून माझ्या बोटांना सवय झाली होती. गेल्या आठवड्यात अंघोळ करताना बोटं आपसूक थांबली. माझ्याच अंगावर, डाव्या बाजूला. जिथली गोष्ट बाईने बाईलाच सांगायची असते, तिथे. ह्यांची बोटाखाली पळायची. ही जागची हलत नाही. चरबी असेल, नसेलही, मी नाव ठेवत नाही, एकदा हात पोळलाय. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई बसतात, त्यांची वेळ मी घेतलीय, पुढच्या बुधवारची. ह्यांना नेलं तर मला ह्यांनाच सांभाळत बसावं लागेल. नातीला परीक्षेनंतर जरा झोपू दे. तुम्ही रडत नाही आणि दुसऱ्याला रडू देत नाही, मला तसंच कुणीतरी सोबत हवंय. मंगळवारीच या. मी काही विचारायचं विसरले तर तुम्ही विचारा. डॉक्टरीणबाईंना चार गोष्टी शिकवल्यात तरी मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. तिसरा. ह्यांना यातलं अवाक्षर नको. अचानक कशी आलीस असं विचारतील, तेव्हा सांगा, तुझी जखम बघायला आले. लगेच शर्ट काढतील. दूधवाल्याला दाखवून झालीय, शिंप्याला दोनदा. तुम्ही नुसतं म्हणा, अरे बापरे, केवढी ही! तेवढ्यात मी चपला घालून दाराशी उभी असेन.